उरले किती आणि जास्त किती: वजाबाकीचे दोन खेळ

हिवाळ्यात आमच्या यवतमाळकडच्या शाळेत प्रत्येक पोराच्या खिशात बोरं असतात, म्हणून मी गणितही बोरांवरच घालतो. एकदा तिसरीच्या फळ्यावर लिहिलं: ‘तुझ्याकडे १४ बोरं, तुझ्या मैत्रिणीकडे ९. तुझ्याकडे किती जास्त?’ निम्म्या पाट्यांवर २३ आलं. ‘जास्त’ दिसलं की मिळवायचं, हा हिशेब. तीन-चार जणांनी १४ लिहिलं, कारण जास्त ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडे १४च तर आहेत. एका पोरीनं पाटी कोरी ठेवली. विचारलं तर म्हणाली, “सर, कोनं काईच नेलं नाई, मंग वजा कायले करू?”

आदल्याच आठवड्यात याच पोरीनं ५२ मधून २७ हातचा घेऊन बिनचूक वजा केले होते.

दोष तिचा नाही. वजाबाकी हा शब्दच एका बाजूला झुकलेला आहे. वजा म्हणजे काढून टाकलेलं, बाकी म्हणजे उरलेलं. पण उभी मांडणी तीच ठेवून आपण दोन निरनिराळ्या गोष्टी विचारत असतो. एकीत काहीतरी जातं आणि उरलेलं मोजायचं असतं. दुसरीत काहीच जात नाही, दोन ढीग शेजारी शेजारी असतात आणि त्यांच्यातला फरक सांगायचा असतो. वर्गातले बहुतेक खेळ पहिल्या गोष्टीचे असतात आणि परीक्षेतला प्रश्न दुसऱ्या गोष्टीचा निघतो.

पहिल्या गोष्टीचा खेळ सोपा. प्रत्येकाला २० चिंचोके, दोघांत एक फासा आणि मध्ये रिकामा डबा. पडेल तितके चिंचोके डब्यात टाकायचे, ज्याचे आधी संपतील तो जिंकला. एवढ्यावर ठेवलं तर गणित होतच नाही. पोट्टे धडाधड चिंचोके टाकतात आणि आवाजाची मजा घेतात. म्हणून एक नियम घालावा लागतो: टाकायच्या आधी ‘आता उरतील किती’ ते बोलायचं, चुकलं तर पाळी गेली. मोठ्या संख्यांसाठी चिंचोक्यांऐवजी काड्या आणि दहा-दहाचे गठ्ठे. ५२ म्हणजे पाच गठ्ठे, दोन सुट्या काड्या. त्यातून २७ द्यायचे तर सात सुट्या कुठून आणणार? एका गठ्ठ्याचं रबर काढायचं, सुट्या झाल्या बारा. हातचा म्हणजे काय ते त्या रबरात आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात बावन्नचं ‘पन्नास दोन’ झालं तेव्हा राज्यभर थट्टा चालली होती. गठ्ठे हाताळताना मात्र मला ते वाचन कामी येतं, पाच गठ्ठे आणि दोन काड्या कानालाच ऐकू येतात.

आता गडबड कुठे होते ते बघा. तुलनेचं गणित आलं की आपण पुन्हा तोच डबा पुढे करतो. म्हणतो, १४ मधून ९ काढ. पोरीचा प्रश्न इथेच अडतो: माझ्या १४ बोरांत मैत्रिणीची ९ नाहीतच, मग काढू कोणती? याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

उत्तर जोड्यांत मिळतं. दोघींनी आपापली बोरं फरशीवर समोरासमोर ओळीत मांडायची, तिचं एक, माझं एक. नऊ जोड्या लागतात, माझ्या ओळीच्या टोकाला पाच बोरं एकटी राहतात. माझी जी नऊ बोरं जोडीला लागली, ती हिशेबातून बाजूला. म्हणजे काढायची होती ती माझीच नऊ, तिची नव्हेत. हे दिसलं की वजाबाकी का करायची ते आपोआप कळतं. या खेळात डबा नको, फासाही लागत नाही, आणि खेळून झाल्यावर बोरं दोघींकडे जशीच्या तशी राहतात. (राहत नाहीत, खाल्ली जातात. तेव्हा मांडणी आधी, खाणं मग.)

हाच फरक मोठ्या पोरांसाठी लांब उडीत काढता येतो. एकाची उडी १४२ सेंटीमीटर, दुसऱ्याची ११८. टेप जमिनीवर पसरलेलाच असतो. ११८ वरून १२०, तिथून १४०, मग १४२, झाले २४. आठवडी बाजारात भाजी विकणारी आईही सुटे पैसे असेच देते. ६३ ची भाजी, १०० ची नोट: सात म्हणजे सत्तर, तीस म्हणजे शंभर. हातचा घेण्याची वेळच येत नाही. ५२ वजा ४९ काड्यांनी करायला बसलात तर एक गठ्ठा सोडून ४९ काड्या बाजूला काढत बसाल, आणि वर चढत गेलात तर तीन पावलं. ५२ वजा ३ मात्र काढूनच बरं.

कापसाच्या काट्यावर दोन्ही रीती चालतात. भरली गाडी २९ क्विंटल, रिकामी १७. कोणी २९ मधून १७ काढतो, कोणी १७ वरून २९ पर्यंत मोजत जातो. कापूस बारा क्विंटलच.

‘असर’ या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत मुलांना दोन अंकी हातच्याची वजाबाकी विचारतात. ग्रामीण भारतात तिसरीतल्या ज्यांना ती जमली, अशी मुलं २०२२ मध्ये २५.९ टक्के होती, २०२४ मध्ये ३३.७ टक्के. वाढ चांगली आहे, पण ते उदाहरण नुसत्या आकड्यांचं असतं. आमची कोऱ्या पाटीची पोरगी तिथे पास झाली असती.

मोबाइलवरच्या खेळांबद्दल थोडक्यात: बरोबर उत्तराला बोट लावलं की फुगा फुटतो, तो सराव आहे. सरावाला हरकत नाही, पण १४ आणि ९ मध्ये काय चाललंय ते फुगा दाखवत नाही.

सध्या माझ्या वर्गात सापशिडीच्या एकाच पटावर दोन्ही चालतात. सापानं गिळलं की ‘किती घरं खाली आलो’ ते सांगायचं. आणि फासा टाकायच्या आधी प्रत्येकानं सांगायचं, समोरच्याच्या आपण किती पुढे किंवा किती मागे. ४७ वर बसलेला बोटं मोजत असतो, ३२ वरचा पटकन म्हणतो, “पंधरा मागं हाय मी, टाक लवकर.” मागे पडलेल्याला फरक आधी कळतो, हे मी रोज बघतो.