गेमवरच्या कादंबऱ्या म्हणजे नुसता जोडधंदा?

व्हिडिओ गेम गाजला की त्याच्या नावावर चार पैसे कमवायला कादंबरी काढतात, मूळ कथेशी तिचं काही देणंघेणं नसतं, हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तसल्या कादंबऱ्या आहेतच, पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

'मिस्ट' हा गेम १९९३चा. तो बनवणाऱ्या रँड आणि रॉबिन मिलर या भावांनीच डेव्हिड विन्ग्रोव्हसोबत १९९५ मध्ये 'द बुक ऑफ अ‍ॅट्रस' लिहिली. गेमच्या सुरुवातीला एक माणूस पुस्तकासह दरीत कोसळताना दिसतो. का, ते गेम सांगत नाही. कादंबरी मात्र त्या क्षणापर्यंत आणून सोडते. शिवाय त्या कोसळणाऱ्या माणसाचा, म्हणजे अ‍ॅट्रसचा, बाप गेन. आपण जगं निर्माण करतो असं मानणारा हा घमेंडखोर पहिल्या गेममध्ये कुठेच भेटत नाही. तो उभा राहतो कादंबरीत, आणि १९९७च्या 'रिव्हन'मध्ये खेळाडूची गाठ थेट त्याच्याशीच पडते. म्हणजे पुढच्या गेमची पार्श्वभूमी आधी छापून आली होती!

'द विचर' या गेमचं तर गाडं उलटंच. लोक पुस्तकांना गेमची उपज समजतात. मूळ पोलिश लेखक सापकोव्स्कींची पहिली 'विचर' कथा १९८६ची, गेम २००७चा.