पेटंटचे हस्तांतरण

पेटंटवरची मालकी एका व्यक्तीकडून किंवा संस्थेकडून दुसरीकडे कायमची जाणे म्हणजे पेटंटचे हस्तांतरण. मुंबईतले वकील आणि पेटंट एजंट त्याला सर्रास ‘असाइनमेंट’ म्हणतात. हा व्यवहार पेटंट अधिनियम, 1970 च्या कलम 68 व 69 खाली येतो. अँटॉप हिल येथील बौद्धिक संपदा भवनातले पेटंट कार्यालय महाराष्ट्रासह गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि गोव्याचे कामही पाहते.

विक्री आणि परवाना यांत लहान कारखानदारांची फार गफलत होते, कारण बोलताना दोन्हींना ‘पेटंट दिलं’ असेच म्हटले जाते. परवान्यात मालकी मूळ धारकाकडेच राहते आणि दुसऱ्याला ठरल्या अटींवर वापराची मुभा मिळते. विक्रीनंतर मात्र स्वतः शोध लावणाऱ्यालाही तीच वस्तू बनवण्यासाठी नव्या मालकाची परवानगी लागते. शोधकर्ता म्हणून पेटंटवरचे त्याचे नाव तेवढे कायम राहते. सही करण्यापूर्वी हे त्याला कोणीतरी नीट समजावून सांगायलाच हवे.

कलम 68 नुसार हस्तांतरण लेखी हवे. दोन्ही पक्षांचे हक्क आणि जबाबदाऱ्या ठरवणाऱ्या सगळ्या अटी दस्तऐवजात याव्या लागतात आणि त्यावर रीतसर सह्या व्हाव्या लागतात. तोंडी सौदा किंवा पैसे पोचल्याची पावती पुरत नाही. चांगल्या करारनाम्यात पेटंट क्रमांक, अर्जाची तारीख, शोधाचे नाव आणि मोबदला यांबरोबर आणखी एक कलम असते: विक्रीपूर्वी कोणी पेटंटचे उल्लंघन केले असेल, तर भरपाई मागण्याचा हक्क कोणाचा? हे लिहायचे राहिले की पुढे भांडण ठरलेले. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाप्रमाणे मुद्रांक शुल्कही भरावे लागते. ते कमी पडले तर फरक आणि दंड भरेपर्यंत न्यायालय तो कागद पुराव्यात घेत नाही.

सहमालक असले की गुंता वाढतो. समजा, अंधेरीच्या एमआयडीसीत दोन भागीदारांनी मिळून एका व्हॉल्व्हचे पेटंट घेतले. वेगळा करार नसेल तर दोघांचा वाटा समान. कलम 50 प्रमाणे प्रत्येक जण दुसऱ्याला हिशेब न देता स्वतः तो व्हॉल्व्ह बनवू शकतो, पण आपला वाटा विकायचा किंवा कोणाला परवाना द्यायचा तर दुसऱ्याची संमती लागते. नोकरदार शोधकर्त्यांचा प्रश्न वेगळा. त्यांच्या शोधाची मालकी आपोआप नोकरी देणाऱ्याकडे जाईल अशी तरतूद या अधिनियमात नाही. त्यामुळे नेमणुकीचा करार आणि त्यापुढचे हस्तांतरणाचे कागद निर्णायक ठरतात.

सह्या झाल्या म्हणजे काम संपले, ही समजूत सर्वांत महागात पडते. घेणाऱ्याने नमुना 16 मध्ये अर्ज करून पेटंटच्या नोंदवहीत आपले नाव चढवून घ्यायचे असते. असा अर्ज विकणाराही करू शकतो. नोंद न झालेला दस्तऐवज मालकीचा पुरावा म्हणून, नियंत्रकाने (पेटंट कार्यालयाच्या अधिकाऱ्याने) किंवा न्यायालयाने लेखी कारणे देऊन तसे ठरवल्याशिवाय, स्वीकारला जात नाही. पेटंट मंजूर होण्याआधीच अर्ज विकला गेला असेल तर कलम 20 लागू होते आणि नमुना 6 भरून अर्जदाराचे नाव बदलून घ्यावे लागते.

घेणाऱ्याने पैसे मोजण्यापूर्वी नोंदवही पाहावी. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे असते, पण नूतनीकरण शुल्क थकले तर ते त्याआधीच संपते. पुनरुज्जीवनासाठी त्यानंतर 18 महिन्यांत अर्ज करता येतो. भारतीय पेटंटचा अंमल भारतापुरताच असतो. त्याच शोधाचे अमेरिकेतले पेटंटही विकत घ्यायचे असेल, तर करारात त्याचा उल्लेख करून तिथल्या कार्यालयात स्वतंत्र नोंद करून घ्यावी.