नॉमिनी वेगळा, वारस वेगळा

"नॉमिनी टाकलाय ना, मग झालं" हे वाक्य मी नातेवाइकांकडून, ऑफिसात, सोसायटीच्या मीटिंगला इतक्या वेळा ऐकलंय की आता कुणी बोललं की तिथेच थांबवून समजावतो. एफडी करताना, पीपीएफ उघडताना, डिमॅट काढताना फॉर्मवर एक रकाना असतो, त्यात बायकोचं नाहीतर आईचं नाव लिहून आपण सही करतो, हे सगळ्यांनी केलेलं आहे, त्यावर वेळ घालवत नाही. जॉइंट होल्डरही वेगळा, तो पहिल्यापासून खात्यात असतो, नॉमिनीचा संबंध खातेदार गेल्यावरच येतो, एवढं पुरे.

खरा घोळ पुढे आहे. पैसे कुणाच्या हातात द्यायचे हा एक प्रश्न आणि पैसे कुणाच्या मालकीचे हा दुसरा. नॉमिनी फक्त पहिल्याचं उत्तर देतो. दुसऱ्याचं उत्तर मृत्युपत्र देतं, आणि ते नसेल तर वारसा कायदा.

समजा एका माणसाने लग्नाआधी 20 लाखांची एफडी केली, नॉमिनी म्हणून धाकट्या भावाचं नाव टाकलं, मग लग्न झालं, दोन मुलं झाली, एफडी दरवेळी रिन्यू होत राहिली आणि नाव बदलायचं राहून गेलं. तो अचानक गेला, मृत्युपत्र नाही. बँक ते 20 लाख भावाला देणार आणि बँकेचं काहीही चुकलेलं नाही, तिची जबाबदारी तिथे संपली. पण हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्याच्या स्वकष्टाच्या पैशाचे वारस आहेत आई, बायको आणि दोन्ही मुलं, चौघांना समान म्हणजे 5-5 लाख. भावाचा एक रुपयाही नाही, त्याने ते सांभाळून वारसांना द्यायचे असतात. त्याने दिले नाहीत तर त्या बाईने दोन लहान मुलं घेऊन स्वतःच्याच दिराविरुद्ध कोर्टात उभं राहायचं, आणि हे एक नाव वेळेवर न बदलल्यामुळे, याचा मला फार त्रास होतो.

आणि त्या यादीत वडील नाहीत, हे बघितलंत का? आई पहिल्या वर्गाची वारस, वडील दुसऱ्या वर्गात. अविवाहित मुलगा मृत्युपत्र न करता गेला आणि आई हयात असेल तर सगळं आईचं. बऱ्याच शिकलेल्या लोकांनाही हे माहीत नसतं.

यात नवीन काही नाही. 1984 मध्येच सुप्रीम कोर्टाने विम्याच्या एका खटल्यात सांगितलं होतं की नॉमिनी बायको असली तरी ती रक्कम स्वीकारणारी, गेलेल्या माणसाच्या आईचा आणि मुलाचा हिस्सा त्यामुळे जात नाही. शेअर्सबद्दल मात्र लोक "कंपनी कायद्यात वेगळं आहे" म्हणत राहिले, ते डिसेंबर 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाली काढलं, मुंबईतल्याच एका मराठी कुटुंबाच्या खटल्यात. शेअर्सचा नॉमिनीसुद्धा मालक होत नाही.

फ्लॅटचंही तेच. महाराष्ट्रात सोसायटी नॉमिनीला प्रोव्हिजनल मेंबर, म्हणजे तात्पुरता सभासद, करून घेते, ते वारस ठरेपर्यंत, आणि लोक लगेच "फ्लॅट माझ्या नावावर झाला" म्हणून विकायला काढतात. नाही झाला हो! शेतीत हा गोंधळ कमी, कारण सातबाऱ्याला नॉमिनीचा रकानाच नसतो, थेट वारस नोंद होते.

आयुर्विमा थोडा निराळा. 2015 च्या दुरुस्तीनंतर नॉमिनी आईवडील, नवराबायको किंवा मुलं असतील तर रक्कम त्यांच्याच हक्काची असं कायद्यात लिहिलंय, तरी त्यावरून कोर्टात वाद झालेत, म्हणून विम्याचा उल्लेखही मृत्युपत्रात करावा असं माझं ठाम मत आहे. ईपीएफमध्ये, म्हणजे नोकरीतल्या पीएफमध्ये, लग्नाआधीचं नॉमिनेशन लग्न झाल्यावर आपोआप रद्द होतं, नवीन भरावं लागतं. नुकतं लग्न झालेल्यांनी आजच ऑनलाइन बघा.

आता दुसरं टोक, हे वाचून कुणी म्हणेल मग नॉमिनी कशाला टाकायचा. टाकायचाच! नॉमिनी नसेल तर बँक वारसांकडे कागद मागते, कधी कोर्टाचं सक्सेशन सर्टिफिकेट म्हणजे वारस असल्याचा दाखला, आणि तोवर घरात हॉस्पिटलचं बिल नि मुलांची फी थांबत नाही. नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्यावर चार नॉमिनी टाकता येतात, प्रत्येकाचा टक्का लिहून, चांगली सोय आहे, पण "आता मृत्युपत्राची गरज नाही" असे जे फॉरवर्ड फिरतायत ते चूक आहेत, चार झाले तरी ते नॉमिनीच.

माझं म्हणणं, बायको-मुलं असतील तर नॉमिनी बायकोलाच करा आणि मृत्युपत्रात त्याच पैशाबद्दल तेच नाव लिहा, दोन कागद दोन वेगळ्या गोष्टी बोलले की भांडण आलंच. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, रजिस्टर करणं सक्तीचं नाही, साध्या कागदावर चालतं, फक्त तुमच्या सहीसोबत दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला किंवा त्याच्या नवऱ्या-बायकोला साक्षीदार करू नका. जुन्या एफडीच्या पावत्या काढून कुणाचं नाव आहे ते आधी बघा, विशेषतः 2010 च्या आधीच्या, त्यात हमखास गेलेल्या आजोबांचं नाव निघतं.