नकाशा स्कॅन होतो तेव्हा रंगांचं काय होतं?

मोबाइलचे कॅमेरे पन्नास मेगापिक्सेलचे झाल्यापासून एक समज पक्का होत चालला आहे. कागदी नकाशा डिजिटल करायचा म्हणजे त्याचा स्वच्छ फोटो काढला की झालं, असं पुष्कळांना वाटतं. शाळेच्या भूगोलात आपण जो स्थलनिर्देशक नकाशा शिकलो, त्याच्या बाबतीत हा समज चुकीचा आहे. त्या नकाशात प्रत्येक रंग काहीतरी ठामपणे सांगत असतो, आणि फोटोला ते सांगणं कळत नाही.

अमेरिकेचं उदाहरण घेऊ, कारण हे काम तिथे फार मोठ्या प्रमाणावर आणि ठरावीक नियमांनी झालं. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने, म्हणजे यूएसजीएसने, 1:24,000 प्रमाणावर देशाचे 55,000 हून अधिक नकाशे काढले. प्रत्येक नकाशात साडेसात मिनिटं अक्षांश आणि साडेसात मिनिटं रेखांश एवढा चौकोन येतो (मिनिट म्हणजे इथे अंशाचा साठावा भाग). समान उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या समोच्च रेषा तपकिरी, पाणी निळं, झाडी हिरवी, इमारती आणि नावं काळी, मोठे रस्ते लाल. यात आणखी एक रंग आहे, जांभळा, आणि तो मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. जुन्या नकाशात नंतर जे बदल हवाई छायाचित्रांवरून घातले, पण जमिनीवर जाऊन तपासले नाहीत, ते जांभळ्या शाईत छापले जात. ‘हे वरून दिसलं आहे, पायी जाऊन पडताळलेलं नाही,’ असं नकाशा स्वतःच सांगतो.

1990 च्या दशकात या नकाशांच्या रंगीत स्कॅन प्रतिमा तयार झाल्या. त्यांना ‘डिजिटल रास्टर ग्राफिक’, थोडक्यात डीआरजी म्हणतात. त्यांची बारकाई 250 डीपीआय, म्हणजे इंचाला 250 पिक्सेल, आणि त्यात फक्त 13 रंग. आजच्या वाचकाला तेरा हा आकडा दरिद्री वाटेल, कारण साधा स्कॅनरही दीड कोटीहून अधिक छटा नोंदवू शकतो. माझ्या मते या सगळ्या प्रकल्पातला सर्वांत शहाणा निर्णय हाच होता.

मूळ कागदावर शाया मोजक्याच असतात. प्रत्येक शाईची वेगळी प्लेट, आणि कागद एकेका प्लेटखालून जातो. फिकट निळा किंवा फिकट लाल हवा असेल तर त्याच शाईचे बारीक ठिपके छापले जातात. मग स्कॅनरला लाखो छटा दिसतात कुठून? कागद पिवळा पडलेला असतो, शाई तंतूंत पसरलेली असते, दिव्याचा उजेड सगळीकडे सारखा नसतो. या छटांना नकाशाच्या दृष्टीने काहीच अर्थ नाही. त्या पुसून मूळच्या मोजक्या रंगांकडे परत जाणं हे खरं काम.

ते करतात कसं? प्रत्येक पिक्सेलचा रंग म्हणजे लाल, हिरवा, निळा अशा तीन संख्या. या तीन संख्यांना लांबी, रुंदी, उंची मानलं तर प्रत्येक रंग एका घनाच्या आतला बिंदू होतो. तेरा ठरलेले रंग हे या घनातले तेरा खुंट. स्कॅन केलेला पिक्सेल ज्या खुंटाच्या सर्वांत जवळ, तो त्याचा रंग. इथवर सोपं आहे. अडचण कडांवर येते.

तपकिरी समोच्च रेषेची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. 250 डीपीआयला एका पिक्सेलची बाजूही जवळपास तेवढीच, 0.1016 मिमी. म्हणजे रेषा एक पिक्सेल जाडीची. पण रेषा पिक्सेलच्या चौकटीत नेमकी बसावी हे क्वचितच घडतं. ती दोन पिक्सेलमध्ये विभागली जाते. दोन्हींत अर्धी शाई, अर्धा कागद. घनात असा पिक्सेल तपकिरी आणि पांढरा या खुंटांच्या मधोमध पडतो, आणि तिथे ‘फिकट तपकिरी’चा खुंट वाट पाहत असतो. काळ्या अक्षरांच्या कडा याच रीतीने करड्या होतात. याहून वाईट गत निळा ओढा आणि लाल रस्ता एकमेकांना भिडतात तिथे होते. त्या पिक्सेलमध्ये थोडा निळा, थोडा लाल. त्यांच्या मध्यबिंदूच्या आसपास कोणता रंग आहे? जांभळा! म्हणजे निव्वळ अंतर मोजणारा प्रोग्रॅम त्या जागी ‘तपासणी न झालेला बदल’ असा शेरा मारून मोकळा होतो. असा कोणताही बदल तिथे कधी झालेला नसतो.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही एकत्र वापरावे लागतात. पहिला, जास्त बारकाईने स्कॅन करायचं. 1000 डीपीआयला तीच रेषा चार पिक्सेल जाडीची होते. कडेचे पिक्सेल मिश्र राहिले तरी मधले तीन शुद्ध तपकिरी निघतात. दुसरा, पिक्सेल एकटा न बघता शेजाऱ्यांसह बघायचा. एकच जांभळा पिक्सेल, एका बाजूला निळा, दुसऱ्या बाजूला लाल, असं असेल तर तो जांभळा खोटा. खरा जांभळा सलग रेषेत किंवा पट्ट्यात येतो. रंग ठरल्यानंतर प्रतिमा लहान करायची, आणि लहान करतानाही सरासरी काढायची नाही. गटातल्या पिक्सेलपैकी एकाचा रंग निवडायचा. तपकिरी आणि हिरव्याची सरासरी काढली तर जो रंग येईल, त्याला नकाशाच्या सूचीत स्थानच नसतं.

फायलीच्या आकारातही याचा लाभ दिसतो. असा एक कागद साधारण 22 बाय 27 इंच. 250 डीपीआयला सुमारे 3.7 कोटी पिक्सेल. प्रत्येकाला तीन बाइट दिले तर 11 कोटींहून अधिक बाइट लागतात. तेरा रंगांना क्रमांक दिले की पिक्सेलमागे एक बाइट पुरतो. शिवाय ‘पांढरा, चारशे वेळा’ अशी सलग रंगाची नोंद करता येते, त्यामुळे माहिती न गमावता फाइल आणखी आवळते. फोटो साठवण्याच्या जेपेग पद्धतीची तऱ्हा उलटी. ती प्रतिमेचे आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे करून प्रत्येक तुकडा लहरींच्या बेरजेत बसवते. माणसाच्या चेहऱ्याला हे चालतं; बारीक धारदार रेषेभोवती मात्र पुसट लहरी उमटतात आणि हुसकावून लावलेल्या छटा परत येतात.

रंगांनंतर जागा. प्रतिमेतला पिक्सेल पृथ्वीवर कुठे, हे सांगितल्याशिवाय ती नुसतं चित्र राहते. कागद दमट हवेत फुगतो, तोही उभा-आडवा सारखा नाही. म्हणून नकाशावर छापलेल्या, अडीच-अडीच मिनिटांवरच्या 16 खुणांची खरी ठिकाणं धरून प्रतिमा ताणून बसवतात. मग एक पिक्सेल म्हणजे जमिनीवर 2.4384 मीटर, म्हणजे बरोबर आठ फूट. पृथ्वीचा आकार आणि मोजणीचा संदर्भ कोणता धरला हेही महत्त्वाचं. अमेरिकेतले 1927 चे आणि 1983 चे संदर्भ एकमेकांत मिसळले तर एकच जागा काही ठिकाणी शंभर मीटरपर्यंत सरकते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. झूम करता येतं म्हणून नकाशा अचूक होत नाही. 1947 च्या अमेरिकी मानकानुसार या प्रमाणावर तपासलेल्या ठळक बिंदूंपैकी 90 टक्के बिंदू इंचाच्या पन्नासाव्या भागाच्या आत असले पाहिजेत. जमिनीवर हे सुमारे 12 मीटर होतात. पडदा कितीही मोठा केला तरी हे 12 मीटर तसेच राहतात, आणि अशा प्रतिमेवरून दोन-तीन मीटरच्या हद्दीचे वाद सोडवू पाहणं निरर्थक आहे. तीच गोष्ट गूढवाद्यांची. 2009 मध्ये गूगल अर्थवर आफ्रिकेजवळच्या समुद्रतळात सरळ रेषांची जाळी दिसली आणि दंतकथेतलं बुडालेलं अटलांटिस सापडल्याचा गाजावाजा झाला. ती जाळी म्हणजे ‘सोनार’ने, म्हणजे ध्वनिलहरींनी खोली मोजणाऱ्या यंत्राने, तळ मोजत गेलेल्या जहाजांच्या वाटा होत्या. डिजिटल नकाशात विचित्र चौकोन दिसला तर आधी तो माहिती कशी गोळा झाली त्याचा ठसा आहे का, हे तपासावं.

यूएसजीएसने नंतर 1884 ते 2006 या काळातल्या आपल्या छापील नकाशांचा संग्रहही स्कॅन करून मोफत खुला केला. त्यात पावणेदोन लाखांहून अधिक नकाशे आहेत. एकाच दरीचे वेगवेगळ्या दशकांतले नकाशे एकावर एक ठेवून धरण कधी आलं, रेल्वे कधी उखडली, हे बघता येतं.

मात्र या प्रतिमेतल्या तपकिरी पिक्सेलना आपण कोणत्या उंचीचे, हे माहीत नसतं. रेषेवर 1240 लिहिलं आहे ते आपल्यासाठी. संगणकाला तेही पिक्सेलच. त्यातून पुन्हा उंचीची माहिती काढायची तर प्रत्येक रेषा माग काढत जोडावी लागते. आकडा लिहायला जिथे रेषा तोडली असेल, कडा जिथे इतका उभा असेल की रेषा एकमेकींना चिकटल्या असतील, तिथे प्रोग्रॅम अडखळतो आणि कुठली रेषा कुठे जाते ते माणसाला बसून ठरवावं लागतं.