हुतूतूचा दम आणि कापसाचा काटा

‘रडीचा डाव’ हा शब्द खानदेशात पोरांच्या खेळात ऐकू येतो, तसाच मार्केट यार्डातही. दोन्हीकडे भांडण एकाच कारणाचं: जे दिसत नाही, त्यावर विश्वास कसा ठेवायचा?

हुतूतूत, म्हणजे कबड्डीत, चढाई एका दमात करायची. गड्याने मध्येच श्वास घेतला का, ते दिसत नाही. म्हणून तोंडाने शब्द घोकायचा. दम तुटला की आवाज अडखळतो आणि सगळ्या मैदानाला कळतं. अमर (बाद गडी मैदानातच राहतो), गामिनी (सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर) आणि संजीवनी (समोरचा गडी बाद झाला की आपला एक परत) अशा तीन तऱ्हा गावोगाव चालायच्या. बाद गडी परत येतो की नाही, यावरूनच सामने मोडत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नियम लिहून निघाले, पुढे संजीवनी पक्की झाली. आज चढाई ३० सेकंदांची असते, पण उच्चार मध्यरेषा ओलांडण्याआधी सुरू झाला नाही तर पंच गड्याला परत पाठवतो.

कापसाचंही तसंच. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, इकडच्या कापसाला भाव चढला आणि पाणी मारलेला, सरकी-माती मिसळलेला माल वाढला. १८६३ मध्ये मुंबई इलाख्यात भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला. शेतकऱ्याची लूट मात्र हत्ता पद्धतीत होई. अडत्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणारा दलाल, आणि खरेदीदार रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवत. मालक शेजारी उभा, पण आकडा त्याला कळत नसे. १९२७ च्या कापूस बाजार कायद्याखाली जे बाजार आधी आले, त्यांत धुळे होतं. पुढे १९६३ च्या बाजार समिती कायद्याखाली उघड लिलावाची पद्धत रुजली. हा बदल आम्हाला फार मोठा वाटतो.

आता वाद ओलाव्याचा आणि वजनाचा. हमीभावाला ८ टक्के ओलावा धरतात, १२ टक्क्यांपर्यंत कपात होते, त्यापुढे माल परत. मीटर फक्त एका थरात खुपसला तर आकडा फसवतो: वरचा थर उन्हाने सुकलेला, आतला ओला. तीन-चार ठिकाणी मोजून आकडा मोठ्याने वाचायला लावा.

काट्यावर भरली आणि रिकामी गाडी एकाच ठिकाणी तोला. भरल्या गाडीच्या वेळी ड्रायव्हर खाली आणि रिकाम्या गाडीच्या वेळी वर बसला, तर साठ-सत्तर किलो कापूस शेतकऱ्याचा गेला. दोन्ही वेळा त्याला खालीच उभा करा, आणि कटती, म्हणजे वजनातून केलेली कपात, पावतीवर वेगळी लिहून घ्या.