सेल्फची टकटक आणि ढिम्म इंजिन

बाईकच्या सेल्फचं बटण दाबलं की सीटखालून नुसती टक-टक-टक ऐकू येते आणि इंजिन ढिम्म हलत नाही. दिवा मात्र लागतो, हॉर्नही वाजतो. मल्टिमीटर लावावा तर तो 12.3 व्होल्ट दाखवून आणखी गोंधळात टाकतो. मग बॅटरी उतरली असं म्हणायचं की नाही?

म्हणायचं. टोकांवर व्होल्टेज असलं म्हणजे बॅटरी करंट देईलच असं नाही. एलईडी हेडलाइटचं एक-दोन अँपिअरमध्ये भागतं. सेल्फच्या मोटरला मात्र थंड तेलात बसलेला पिस्टन, सिलिंडरमधल्या हवेचा दाब मोडून, हलवायचा असतो. त्यासाठी लहान गाडीलाही पन्नासेक अँपिअर लागतात. मोठ्या इंजिनाला शंभराच्या पुढे.

प्रत्येक बॅटरीला स्वतःचा अंतर्गत रोध, म्हणजे करंटला आतूनच होणारा अडथळा असतो. चांगल्या बॅटरीत तो 0.02 ओहम धरला, तर 50 अँपिअर खेचताना 1 व्होल्ट आतच खर्च होतो, चालून जातं. थकलेल्या बॅटरीत तोच रोध 0.1 ओहम झाला की 5 व्होल्ट आत जिरतात आणि मोटरपर्यंत जेमतेम सात पोचतात. हेडलाइटच्या दोन अँपिअरला हीच बॅटरी फक्त 0.2 व्होल्ट गमावते, ते डोळ्यांना कळतही नाही.

टकटकीचा उगमही इथेच आहे. बटण दाबलं की रिलेचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचचा, चुंबक संपर्क जोडतो, मोटर करंट ओढते, व्होल्टेज कोसळतं आणि चुंबकाची पकड सुटते. संपर्क तुटताच भार जातो, व्होल्टेज पुन्हा वर येतं, चुंबक पुन्हा ओढतो. हे चक्र सेकंदाला अनेकदा फिरतं.

रोध वाढतो तो रसायनामुळे. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 साली बनवलेली शिसे-आम्लाची बॅटरी आजही बहुतेक गाड्यांत आहे. साधारण 2.1 व्होल्टचे सहा सेल एकापुढे एक जोडलेले. करंट देताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट साचतं आणि आम्ल पातळ होत जातं. लगेच चार्ज केलं तर सल्फेट विरघळतं. गाडी तशीच महिनोनमहिने उभी राहिली तर त्याचे कडक स्फटिक होतात, आणि तेवढी प्लेट कामातून जाते.

जंप देताना आपण या बॅटरीला समांतर दुसरी सशक्त बॅटरी जोडतो. ती 12 व्होल्टचीच हवी. जुन्या 6 व्होल्टच्या गाडीला हा उपाय करू नये. कारच्या मोठ्या बॅटरीने बाईकचं वायरिंग जळेल ही भीती नेहमी ऐकू येते, ती निराधार आहे. बॅटरी मोठी असली तरी किती करंट ओढायचा हे मोटर ठरवते. कारचं इंजिन मात्र बंद ठेवावं, ते चालू करण्याची गरजच नसते.

खरा धोका उलट्या जोडणीत आहे. अधिक आणि ऋण टोकांची अदलाबदल झाली की दोन्ही बॅटऱ्यांचं व्होल्टेज एकत्र येतं आणि वाटेत केबलखेरीज अडवणारं फारसं काही उरत नाही. रेक्टिफायरचे, म्हणजे चार्जिंगची वीज एकदिश करणाऱ्या भागाचे, डायोड तर हमखास जातात.

म्हणून आधी लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, मग चांगलीच्या अधिक टोकाला. काळी आधी चांगलीच्या ऋण टोकाला, आणि तिचं दुसरं टोक बाईकच्या इंजिनच्या किंवा चासीच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो. हवेत तो 4 टक्के झाला तरी पेट घेतो. दोनचार मिनिटं थांबून सेल्फ मारा, गाडी उठली की उलट्या क्रमाने केबल काढा. फुगलेल्या, गळणाऱ्या किंवा गोठलेल्या बॅटरीला जंप देऊच नका. पूर्ण रिकाम्या लिथियम बॅटरीलाही नाही.

केबल नसेल तर धक्का. सेल्फची मोटर यात बाजूलाच राहते, इंजिनाला चाक फिरवतं. पहिल्याऐवजी दुसरा गिअर टाकायचा, कारण पहिल्यात चाकावर एवढा जोर येतो की ते फिरण्याऐवजी घसटतं. पण फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पंप आणि ईसीयू (इंजिनचा छोटा संगणक) जागे व्हायला थोडी तरी वीज लागते. बॅटरी पार कोरडी असेल तर ढकलून फक्त घाम निघेल. गिअरलेस स्कूटरला तर धक्क्याचा उपयोगच नाही. तिचा क्लच इंजिनाच्या वेगावर पकडतो, चाकाच्या नाही.

गाडी उठली म्हणून जागेवर भुरभुरत ठेवू नका. आयडलवर चार्जिंग तुटपुंजं असतं, त्यापेक्षा अर्धा-एक तास चालवा. थोडी रेस दिल्यावर बॅटरीच्या टोकांवर साधारण 14 ते 14.5 व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक आहे. नंतर चार्जरवर पूर्ण भरूनही सेल्फ मारताना आकडा नऊच्या खाली गडगडत असेल, तर नवी बॅटरी आणा.