सर्व्हरच्या पोटातला लिफ्टमन

कोथरूडच्या आमच्या इमारतीला अकरा मजले, लिफ्ट एकच. सकाळी नऊला तिने 'आधी बटण दाबेल त्याच्याकडे आधी' असं धोरण ठेवलं, तर निम्मी सोसायटी जिन्याने उतरेल. म्हणून ती एका दिशेने निघाली की त्या वाटेवरची कामं उरकते, मगच उलटी फिरते.

फिरत्या हार्ड डिस्कचं असंच असतं. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा. हवी ती जागा हेडखाली (वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी अर्धा फेरा जातो, शिवाय हेड सरकण्याचा वेळ. विखुरलेली माहिती मागितली तर सेकंदाला जेमतेम ७५-१०० मागण्या पुऱ्या होतात. त्यामुळे मागण्या जागेनुसार लावून घेणारा शेड्युलर लागतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये त्याचं जुनं नावच 'एलिव्हेटर'!

पण दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरची पोरं सारखी वरखाली करत राहिली, तर अकराव्या मजल्यावरच्या आजींनी काय करायचं? त्यांच्यासाठी 'एमक्यू-डेडलाइन' नावाचा शेड्युलर. त्यात प्रत्येक मागणीला मुदत असते आणि ती उलटली की क्रम मोडून तिला पुढे घेतात. ठरलेली मुदत वाचनाला अर्धा सेकंद, लेखनाला ५ सेकंद.

हा पक्षपात मला फार शहाणपणाचा वाटतो. बँकेत चेक पेटीत टाकून माणूस निघून जातो. पैसे काढणारा मात्र काउंटरपाशी खोळंबतो. लेखन बहुतेक वेळा आधी रॅममध्ये जातं आणि प्रोग्रॅम पुढच्या कामाला लागतो. वाचन मागणारा हलूच शकत नाही. (डेटाबेसचा 'कमिट', म्हणजे बदल पक्का करण्याचा हुकूम, हा अपवाद: तो स्लिपवर शिक्का मिळेपर्यंत हटत नाही.)

एसएसडीने, म्हणजे तबकडीऐवजी चिपांवर माहिती ठेवणाऱ्या डिस्कने, सगळा हिशेबच बदलला. ती पेठेतल्या वाड्यासारखी: चौकात उभं राहिलं की सगळी दारं सारखीच जवळ. सरकायला हेडच नाही. साटा या जुन्या जोडणीच्या डिस्कची रांग एक आणि तीत ३२ मागण्या. एनव्हीएमई या नव्या जोडणीच्या नियमांत रांगाच सुमारे ६५ हजार. अशा वाड्यात लिफ्टमन नेमला तर तो नुसता वाटेत उभा राहणार. तिथे शेड्युलर 'नन', म्हणजे कोणीच नको. व्हर्च्युअल मशीनमध्येही (खऱ्या यंत्रात सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या यंत्रात) बहुधा हेच बरं, कारण खाली मूळ यंत्राचा लिफ्टमन असतोच.

'रीड-अहेड'चंही, म्हणजे मागितल्याच्या पुढचं आधीच वाचून ठेवण्याचंही, तसंच. सहसा तो १२८ किलोबाइट असतो. मोठ्या फाइली सलग वाचायच्या तर वाढवावा. डेटाबेस इथून-तिथून चिमूटभर वाचत असेल तर वाढवून रद्दीच गोळा होते.

शेड्युलर आणि रीड-अहेडचे हे बदल चालू सर्व्हरवर लगेच लागू होतात, पण रीबूटनंतर उडून जातात. टिकवायचे तर युडेव्हच्या (डिस्क वगैरे उपकरणं सापडली की त्यांची मांडणी लावणाऱ्या लिनक्सच्या सोयीच्या) नियमात लिहावे लागतात. आणि हात लावण्याआधी 'आयओस्टॅट' या डिस्कचं काम मोजणाऱ्या कमांडमधले वाचन-लेखनाच्या प्रतीक्षेचे दोन रकाने टिपून ठेवा. रात्री बॅकअप चालू असताना एकदा, दुपारी गिऱ्हाइकांची गर्दी असताना एकदा.